मुलीचा प्रवेश : दोन महाविद्यालयांतून एकाची निवड

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळातर्फे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ, शालेय साहित्य आणि चार कौतुकाचे शब्द यांनी मुलांचा उत्साह वाढतो. परंतु खरी कसोटी सत्कारानंतरच्या दोन महिन्यांत लागते. पूर्वी आपल्या घरांत एकच प्रश्न असे, तो म्हणजे 'प्रवेश मिळेल का?' आता काही घरांत दुसरा प्रश्नही येऊ लागला आहे. 'दोन चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळतो आहे, तर कोणता घ्यावा?' हा प्रश्न सुखाचा असला तरी सोपा नाही. त्यातून मुलगी असेल तर तो फक्त शिक्षणाचा राहत नाही. आजीपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना त्यावर मत असते.

२०२५ साली आमच्या घरी हा प्रश्न आला. आम्ही उभयता कला शाखेचे पदवीधर. आमची नोकरी बँकेत कारकुनाची. अभियांत्रिकीतले आम्हांला काही कळत नाही आणि आम्ही शिक्षणतज्ज्ञही नव्हे. पण जमा आणि खर्च अशा दोन बाजू मांडून त्या तपासण्याची सवय मात्र आहे. त्या सवयीने हा निर्णय कसा झाला, ते सभासद पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

दोन संस्था

मुलीला विद्युत अभियांत्रिकी शिकायची होती. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून तिला नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे व्हीएनआयटीत, जागा मिळाली. राज्याच्या सीईटी प्रक्रियेतून माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे व्हीजेटीआयमध्ये, जागा मिळाली. शाखा दोन्हीकडे एकच होती.

व्हीजेटीआयची स्थापना १८८७ ची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवावरून पडलेले तिचे जुने नाव १९९७ मध्ये बदलले आणि तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. २००४ पासून ती स्वायत्त आहे. व्हीएनआयटी १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये ती राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली आणि २००७ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. दोन्ही नावे वजनदार. म्हणून 'कोणते नाव मोठे?' हा वाद आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. नावाने निवाडा होत नसेल तर तो रोजच्या दिवसांनी करावा लागतो. मुलगी चार वर्षे कोणत्या नावाखाली राहील यापेक्षा ती चार वर्षे कशी जगेल आणि किती शिकेल, हे पाहायचे ठरले.

त्यासाठी एक दोनशे पानी वही घेतली. डावीकडे नागपूर, उजवीकडे माटुंगा. घरातील प्रत्येकाने आपले म्हणणे वहीत लिहायचे, नुसते बोलायचे नाही, असा नियम केला. बोलणाऱ्याचा आवाज मोठा असला की त्याचे म्हणणेही मोठे वाटते. कागदावर आजीचे, आईचे आणि मुलीचे वाक्य एकाच उंचीचे दिसते.

पहिले पान : वेळ

आमचे बिऱ्हाड कल्याणला. घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, कल्याणहून दादरला जलद लोकल, तेथून धीम्या गाडीने माटुंगा आणि पुढे पायी. गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरून जायला पावणेदोन तास. मुलगी आणि तिची आई सकाळच्या गर्दीच्या वेळी तीन दिवस हा प्रवास करून आल्या. हा अंदाज त्या प्रवासावरून बांधलेला आहे, वेळापत्रकावरून नव्हे.

येण्याजाण्याचे रोजचे साडेतीन तास. वर्षाला महाविद्यालयाचे दोनशे दिवस धरले तर सातशे तास आणि चार वर्षांचे दोन हजार आठशे तास. आठ तासांचा एक दिवस मानला तर हे साडेतीनशे दिवस होतात. म्हणजे चार वर्षांतले जवळजवळ एक वर्ष लोकलमध्ये. कोणी म्हणेल की गाडीत वाचन करता येते. कल्याणहून सकाळच्या महिलांच्या डब्यात उभे राहून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना याचे उत्तर माहीत आहे.

नागपूरला वसतिगृह संस्थेच्या आवारातच आहे. वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर. उलट घरी येणे मात्र अवघड. मुंबई ते नागपूर रेल्वेने आठशे किलोमीटरहून अधिक, रात्रभराचा प्रवास. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला तरी अंतर अंतरच आहे. मुलगी आजारी पडली तर आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचणार. हे कलम आम्ही डावीकडे, खर्चाच्या बाजूला, ठळक अक्षरांत लिहिले.

दुसरे पान : पैसा

येथे काही गोष्टी सर्वांनी नीट समजून घ्याव्यात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते. राज्याच्या प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजे 'फ्रीशिप', मिळते. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. आमच्यासारख्या पगारदारांना फ्रीशिप लागू होते. तेव्हा शिक्षण शुल्काने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. फरक राहिला तो वसतिगृह, मेस आणि प्रवास यांचा.

हिशेबासाठी समजा हा जादा खर्च वर्षाला ८० हजार. चार वर्षांचे ३ लाख २० हजार. ही रक्कम ऐकून पुष्कळ पालक तेथेच थांबतात. पण तिची फोड करून पाहावी. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. व्याजदर ९ टक्के धरला आणि दर वर्षाच्या सुरुवातीला ८० हजार उचलले, तर पहिल्या वर्षी दरमहा ६०० रुपये व्याज होते, दुसऱ्या वर्षी १,२००, तिसऱ्या वर्षी १,८००, चौथ्या आणि पाचव्या वर्षी २,४००. पाच वर्षांचे हे व्याज १ लाख ८०० रुपये. ते ज्या त्या महिन्याला भरत गेल्यास मुदलात मिळत नाही आणि बऱ्याच बँका त्याबद्दल व्याजदरात एक टक्का सूटही देतात. मुलींसाठी काही सरकारी बँकांत अर्धा टक्का सवलत असते. पुढे ३ लाख २० हजारांची फेड सात वर्षांत करायची म्हटली तर हप्ता सुमारे ५,१५० रुपये येतो. अभियंता झालेल्या मुलीला हा हप्ता पेलवणारा आहे की नाही, याचा विचार रकमेकडे न पाहता हप्त्याकडे पाहून करावा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तीत तारण व जामीनदार न देता कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असून दुसरी सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलतही आहे. आपली संस्था यादीत आहे काय आणि आपण अटींत बसतो काय, हे शाखेत जाऊन विचारावे. कारकुनाला प्रश्न विचारायला संकोच करू नये. आम्ही त्या खिडकीच्या आत बसतो, आणि न विचारता परत गेलेली माणसे आम्हांला दिसतात.

तिसरे पान : चार वर्षांनंतर

मुंबईत राहिल्यास उद्योग जवळ. तुर्भे येथील वीजकेंद्र, मोठ्या कंपन्यांची कार्यालये, सुटीतील प्रशिक्षणाच्या संधी, शिवाय ओळखीची माणसे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे आहेत, तेव्हा विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला तेथेही पाहण्याशिकण्यासारखे पुष्कळ. राष्ट्रीय संस्थांत निम्म्या जागा त्या राज्यातील मुलांना आणि निम्म्या इतर राज्यांतील मुलांना असतात. त्यामुळे तेथे पहिल्या दिवसापासून हिंदी-इंग्रजीत बोलावे लागते. हे एखाद्या मुलीला जड जाईल, एखादीला त्यातूनच धिटाई येईल. आपली मुलगी कोणती, हे मुलीलाच विचारावे.

माजी विद्यार्थ्यांना किती पगार मिळतो याचे आकडे दोन्हीकडून ऐकायला मिळतात. सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा आम्ही वहीत घेतला नाही. तो एका विद्यार्थ्याचा असतो. विचारायचे ते असे : आपल्या शाखेतील किती मुले पात्र होती, त्यांपैकी कितींना काम मिळाले, आणि मधल्या क्रमांकाच्या मुलाला काय मिळाले.

चौथे पान : सुरक्षितता

आजीने वहीत एकच ओळ लिहायला सांगितली : 'एवढ्या लांब पोरीला धाडायची नाही.' मामांनी त्याला दुजोरा दिला. ही काळजी खोटी नव्हे आणि तिची टिंगल करू नये. पण काळजीचेही प्रश्न करता येतात, आणि प्रश्नाला उत्तर मिळते. मुलींच्या वसतिगृहाला रात्रीचा पहारा आहे काय? दवाखाना किती अंतरावर? रॅगिंगविरोधी समिती, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणि अनुसूचित जाती-जमाती कक्ष यांचे दूरध्वनी क्रमांक फलकावर आहेत काय? रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे. नियम कागदावर आहेत, ते फलकावर आणि माणसांत आहेत की नाहीत हे जाऊन पाहावे. हेच प्रश्न घराजवळच्या महाविद्यालयालाही विचारावेत. जवळ आहे म्हणून ते आपोआप सुरक्षित ठरत नाही, आणि रात्री आठच्या लोकलचा प्रवास हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

आम्ही तिघे नागपूरला जाऊन आलो, माटुंग्यालाही गेलो. दोन्हीकडे तिथल्या मुलींशी बोललो. 'कॉलेज कसे आहे?' असे विचारले की 'छान आहे' एवढेच उत्तर येते. आमच्या मुलीने विचारले, 'ताई, काल सकाळपासून रात्रीपर्यंत तू काय काय केलेस?' या एका प्रश्नाने तास किती झाले, प्रयोगशाळा केव्हा उघडी असते, जेवण कसे असते, अडले तर कोणाला विचारतात, हे सगळे समजले. विद्यार्थ्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा.

नागपूरच्या संस्थेपासून दीक्षाभूमी जवळ आहे. आजीचे मन थोडे वळले ते यामुळे. आम्हांलाही त्याचा आनंद झाला. पण वहीत ते कलम घेऊ नका, असे मुलीनेच सांगितले. ती म्हणाली, 'बाबा, दीक्षाभूमीला मी दरवर्षीही जाईन. चार वर्षे राहायचे ते शिकण्यासाठी.'

पाचवे पान : सोय कोणाची?

हे पान मुलीच्या आईने उघडले आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे तेच. उजव्या बाजूला, माटुंग्याच्या खाली, घरातल्या सर्वांनी मिळून 'घरी राहील' असे पाच वेळा लिहिले होते. आईने त्यातील प्रत्येकापुढे एकेक प्रश्न लिहिला : 'यात सोय कोणाची?' आजीची औषधे वेळेवर दिली जातील, ही आजीची सोय. धाकट्याचा दहावीचा अभ्यास घेतला जाईल, ही धाकट्याची. आई कामावरून येईपर्यंत कुकर लागलेला असेल, ही आईची. लोक विचारणार नाहीत, ही आमची. डोळ्यांसमोर राहील, ही सगळ्यांचीच. मुलीच्या शिक्षणाची सोय त्या पाच ओळींत एकाही ठिकाणी नव्हती.

साडेतीन तासांचा प्रवास करून आलेल्या मुलाच्या हातात आपण चहा देतो. तेवढाच प्रवास करून आलेल्या मुलीच्या हातात भाजीची पिशवी देतो. हा आपल्या घरोघरचा रिवाज आहे, आणि प्रवेशाचा निर्णय करताना तो न बोलता पारड्यात बसलेला असतो. म्हणून पालकांना आमची विनंती अशी की घराची सोय जरूर लिहावी, ती खरी गरज असते, पण वेगळ्या पानावर लिहावी. मुलीच्या हिताच्या रकान्यात ती जमा दाखवू नये. आजीच्या औषधांची जबाबदारी मग आम्ही आणि धाकट्याने वाटून घेतली.

कागदपत्रे आणि तारखा

दोन प्रक्रियांत उतरणाऱ्यांनी कागदपत्रांची तयारी अकरावीतच करावी. राज्याच्या प्रवेशाला जातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत वेळेत गेला पाहिजे. केंद्रीय प्रवेशाला केंद्र सरकारच्या नमुन्यातील दाखला लागतो, तो वेगळा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. मात्र केंद्रीय नमुन्याच्या दाखल्यावर अनुसूचीतील जातीचा उल्लेख असावा लागतो. केवळ 'नवबौद्ध' एवढेच लिहिलेला दाखला तेथे पुरत नाही. ऐन जूनमध्ये तहसील कार्यालयात धावपळ होते ती याचमुळे.

दुसरी गोष्ट तारखांची. केंद्रीय फेऱ्या आधी सुरू होतात, राज्याच्या नंतर. त्यामुळे दुसरीकडे काय मिळेल हे कळण्यापूर्वीच पहिली जागा पैसे भरून राखावी लागते. जागा सोडण्याची अंतिम तारीख कोणती, पैसे किती परत मिळतात, मूळ कागदपत्रे कोठे द्यायची, हे माहितीपुस्तिकेत पाहून एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. राज्याच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून विकल्प अर्जातला पहिला क्रमांक विचार करूनच लिहावा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर न विसंबता त्या वर्षीची पुस्तिका वाचावी.

निर्णय कोणाचा?

सगळी पाने भरल्यावर वही मुलीकडे दिली. दोन दिवस कोणी तिच्याशी या विषयावर बोलायचे नाही, असे ठरले. तिसऱ्या दिवशी तिने नागपूर असे लिहिले. खाली तीन कारणे होती : प्रयोगशाळेत संध्याकाळीही थांबता येईल, प्रवासाचे तास अभ्यासाला मिळतील, आणि अडचण आली तर आधी स्वतः सोडवावी लागेल. चौथ्या ओळीत तिने एक भीतीही लिहिली होती : 'घरची आठवण येईल.' ती ओळ वाचून आम्हांला धीर आला. लाभाबरोबर तोटाही लिहिणाऱ्याचा हिशेब खरा असतो.

यावरून दूरचे ते चांगले असा अर्थ कोणी काढू नये. ज्या मुलीची प्रकृती नाजूक आहे, जिला घरीच अभ्यास चांगला होतो, जिचे घर महाविद्यालयापासून अर्ध्या तासावर आहे, किंवा जिला हवी ती शाखा जवळच मिळते, तिच्या वहीत उजवी बाजू जड होईल आणि ते योग्यच होईल. आमच्या मुलीने माटुंगा लिहिले असते तरी आम्ही तेच मान्य केले असते, आणि मग घरातली कामे तिच्या वाट्याला कमी कशी येतील ते पाहिले असते. पालकांचे काम पैशाचा खरा आकडा सांगण्याचे, दोन्ही जागा दाखवण्याचे आणि आपली भीती व आपली सोय वेगळी काढून ठेवण्याचे. त्यानंतरचा शब्द जिला चार वर्षे तेथे काढायची आहेत तिचा.

शेवटी मंडळाला एक सूचना. आपल्या सभासदांच्या मुली आज कोणकोणत्या महाविद्यालयांत, कोणत्या शाखेत शिकत आहेत, याची एक वही मंडळाच्या कार्यालयात ठेवावी. ज्या मुलींची संमती असेल त्यांची नावे तीत लिहावीत. पुढच्या वर्षी ज्या मुलीपुढे दोन प्रवेशपत्रे असतील तिला 'ताई, काल तू दिवसभर काय केलेस?' हे विचारायला कोणीतरी हवे. आमच्या मुलीने आपले नाव लिहिण्यास संमती दिली आहे. दिवाळीच्या सुटीत ती कल्याणला असते, तेव्हा विद्यार्थिनींनी मोकळेपणाने घरी यावे.